अध्ययन अक्षम बालके आणि मराठी वाचन-लेखनाचे अध्यापन : स्वरूप, अडचणी व दिशा

सारांश

अध्ययन अक्षमता ही संज्ञा महाराष्ट्रात प्रामुख्याने परीक्षेतील सवलतींच्या संदर्भात परिचित झाली. सवलतींची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु सवलत म्हणजे अध्यापन नव्हे. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या अध्ययन अक्षम बालकाला वाचता-लिहिता यावे, यासाठी अध्यापनाची पद्धती मराठी भाषा आणि देवनागरी लिपी यांच्या रचनेतूनच घडवावी लागते. प्रस्तुत लेखात या अक्षमतेची संकल्पना, भारतातील कायदेशीर स्थिती, मराठीतील विशिष्ट अडचणी आणि सामान्य शाळेतील शिक्षकाला अवलंबिता येतील अशा अध्यापन पद्धतींचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : अध्ययन अक्षमता, वाचन, देवनागरी, बाराखडी, जोडाक्षर, उपचारात्मक अध्यापन, समावेशक शिक्षण.

१. प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या बहुतेक प्राथमिक शाळांत असे एखादे मूल आढळते की, ज्याच्याविषयी शिक्षकांचे आणि पालकांचे एकमत होत नाही. ते मूल वर्गात बोलण्यात मागे नसते. ऐकलेली गोष्ट ते क्रमवार सांगते, दुकानातून सामान आणताना सुटे पैसे बरोबर मोजून घेते, खेळातील नियम इतरांना समजावून देते. मात्र पुस्तक उघडताच ते अडखळते, फळ्यावरील चार ओळी उतरवून घेण्यास त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो आणि लिहिलेल्या शब्दांतील काना, मात्रा, वेलांटी हमखास चुकते. 'लक्ष नाही', 'आळशी आहे', 'ढ आहे' असे शेरे अशा मुलाच्या वाट्याला लवकर येतात. हळूहळू ते मूलही हे शेरे खरे मानू लागते.

वास्तविक यांतील काही मुलांची अडचण बुद्धीची नसते, इच्छेचीही नसते. लिखित भाषेवर प्रक्रिया करण्याच्या त्यांच्या क्षमतेत जन्मजात भिन्नता असते. ही भिन्नता वेळेवर ओळखली गेली आणि त्यानुसार शिकविले गेले, तर असे मूल वाचू लागते. ती ओळखली गेली नाही, तर तिसरी-चौथीपासून सर्व विषयांचा अभ्यास पुस्तकावरच अवलंबून असल्यामुळे त्याची पीछेहाट केवळ भाषेपुरती राहत नाही. इतिहास, विज्ञान, गणितातील शाब्दिक उदाहरणे, सर्वच त्याच्या हातातून निसटते. पुढे शाळा सोडणाऱ्या मुलांत अशा मुलांची भर पडते. म्हणूनच हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच सामाजिक न्यायाचाही आहे.

२. संकल्पनेचा विकास

वाचनातील या विशिष्ट अडचणीची नोंद प्रथम वैद्यकशास्त्राने घेतली. जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये 'डिस्लेक्सिया' ही संज्ञा वापरली. मात्र ती मेंदूच्या विकारामुळे प्रौढ व्यक्तींची वाचनक्षमता नष्ट होण्याच्या संदर्भात होती. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा मुलगा हुशार होता, गणितात त्याला अडचण नव्हती. परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते आणि स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांचा क्रम चुकवीत असे. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. मेंदूला कोणतीही इजा न झालेल्या बालकातही अशी अडचण असू शकते, हे या नोंदीने पुढे आणले.

अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून या विषयाचा अभ्यास केला आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी दृष्टी, श्रवण व हालचाल यांचा एकत्रित वापर करणारी अध्यापन पद्धती विकसित केली. ग्रेस फर्नाल्ड यांनी शब्द बोटाने गिरवत उच्चारण्याची पद्धत रूढ केली. पुढे १९६३ मध्ये सॅम्युएल कर्क यांनी शिकागो येथे पालकांच्या परिषदेत 'अध्ययन अक्षमता' ही व्यापक संज्ञा मांडली. तिच्यामुळे दोष शोधण्यापेक्षा शिकण्यातील अडचणीकडे लक्ष वळले.

आज या संज्ञेखाली प्रामुख्याने तीन प्रकार मानले जातात. वाचनातील अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील अडचण म्हणजे डिसग्राफिया आणि संख्या व गणनक्रियांतील अडचण म्हणजे डिसकॅल्क्युलिया. हे प्रकार अनेकदा एकाच बालकात एकत्र आढळतात. डिस्लेक्सिया असलेल्या बहुसंख्य मुलांच्या अडचणीचे मूळ डोळ्यांत नसून भाषेतील ध्वनींच्या प्रक्रियेत असते, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने स्पष्ट केले आहे. बोललेला शब्द लहान ध्वनींत मोडणे, ते ध्वनी स्मरणात धरणे आणि त्यांचा चिन्हांशी झटपट मेळ घालणे या बाबी अशा मुलांना कष्टाच्या वाटतात. ही प्रवृत्ती बऱ्याचदा कुटुंबात आनुवंशिकतेने चालत येते. ती पालकांच्या दुर्लक्षाने किंवा मुलाच्या हट्टाने निर्माण होत नाही.

अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता यांत फरक करणे आवश्यक आहे. त्याचप्रमाणे दृष्टिदोष, श्रवणदोष, शाळेतील दीर्घ गैरहजेरी किंवा घरची भाषा वेगळी असणे यांमुळे येणारे मागासलेपण हेही निराळे असते. या सर्वांची लक्षणे वर्गात सारखी दिसत असली, तरी त्यांवरील उपाय सारखे नसतात.

३. भारतातील स्थिती : सवलतीकडून हक्काकडे

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. देशातील हा आरंभीचा आणि महत्त्वाचा निर्णय होता. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सौम्य धोरण, गणकयंत्राचा वापर, एका भाषेऐवजी अन्य विषय यांसारख्या सवलतींमुळे अनेक विद्यार्थ्यांचा शैक्षणिक मार्ग मोकळा झाला. याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होऊ लागली. २००७ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला.

कायद्याने मात्र दीर्घकाळ याची दखल घेतली नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे प्रकार २१ पर्यंत वाढविले आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' त्यांत समाविष्ट केली. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमात मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून ती दूर करण्यासाठी योग्य अध्यापनशास्त्रीय व अन्य उपाय योजण्याचे कर्तव्य नमूद आहे. या कलमात भर परीक्षेवर नाही, अध्यापनावर आहे, ही बाब लक्षणीय आहे.

प्रत्यक्षात मात्र व्यवहाराचा कल अद्याप प्रमाणपत्राकडे राहिला आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्रासाठी किमान वय ८ वर्षे ठरविण्यात आले. त्यामागे शास्त्रीय कारण होते. कारण त्याहून लहान वयात सामान्य विलंब आणि अक्षमता यांत फरक करणे कठीण असते. परंतु सहाव्या वर्षी पहिलीत आलेल्या मुलाची आठव्या वर्षापर्यंत दोन शालेय वर्षे संपलेली असतात. प्रमाणपत्राची वाट पाहणे म्हणजे वाचन शिकण्याचा सर्वांत अनुकूल काळ वाया घालविणे होय. अनेक कुटुंबांत तर तपासणीचा विचार नववी-दहावीत, परीक्षा तोंडावर आल्यावरच होतो.

येथे एका आंतरराष्ट्रीय निकषाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार, अडचणीवर नेमके उपाय योजूनही ती किमान ६ महिने टिकून राहिली, तरच तिला विशिष्ट अध्ययन विकार म्हणता येते. म्हणजेच विशेष अध्यापन ही निदानानंतरची पायरी नसून निदानाचाच भाग आहे. ज्या मुलाला नीट शिकविलेच गेले नाही, त्याला अक्षम ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा या निकषाचा अर्थ होतो.

४. देवनागरी लिपी व मराठी भाषा : अडचणींचे विशिष्ट स्वरूप

अध्ययन अक्षमतेविषयीचे बरेचसे साहित्य इंग्रजी भाषेवर आधारलेले आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ अत्यंत अनियमित असतो. मराठीची स्थिती वेगळी आहे. जसे लिहिले तसे वाचावे, हे तत्त्व मराठीला पुष्कळ अंशी लागू पडते. यावरून मराठीत डिस्लेक्सिया नसतोच, असा एक गैरसमज आढळतो. जर्मन, इटालियन यांसारख्या नियमित लिपी असलेल्या भाषांतील अभ्यासांनी दाखविले आहे की, तेथील डिस्लेक्सिक मुले चुका तुलनेने कमी करतात, मात्र त्यांच्या वाचनाचा वेग अत्यंत मंद राहतो. मराठी मुलांबाबतही वेगाकडे लक्ष न देता केवळ चुका मोजल्या, तर अडचण लपून राहण्याचा धोका आहे.

याशिवाय मराठीच्या काही स्वतःच्या अडचणी आहेत.

(अ) अक्षरांची संख्या : देवनागरीचे एकक सुटा वर्ण नसून व्यंजन व स्वर मिळून होणारे अक्षर आहे. 'क' ते 'ळ' ही ३४ व्यंजने आणि बाराखडीतील १२ रूपे धरली, तर जोडाक्षरे वगळूनही ४०८ आकृती होतात. कन्नडसारख्या अक्षरप्रधान लिपीतही ही सर्व अक्षरे आत्मसात होण्यास चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो, असे सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. सर्वसामान्य मुलांचा हा वेग असताना अक्षम बालकाने दुसरीतच सर्व बाराखडी पूर्ण करावी, ही अपेक्षा अवाजवी आहे.

(आ) चिन्हांची जागा : स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर, खाली, पुढे आणि मागेही येतात. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना व्यंजनाच्या आधी येते. 'कि' या अक्षरात ऐकण्याचा क्रम आणि पाहण्याचा क्रम परस्परविरुद्ध आहेत. ज्या मुलाला मुळातच क्रम सांभाळणे कठीण जाते, त्याच्यासाठी ही मोठी अडचण ठरते. अनुस्वार चुकीच्या अक्षरावर जाणे, जसे 'पतंग'ऐवजी 'पंतग', हेही याच प्रकारचे.

(इ) आकृतींचे साम्य : घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष या जोड्यांत फरक सूक्ष्म आहे. यांपैकी घ-ध, भ-म, थ-य यांतील भेद बहुतांशी शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून असतो. संपूर्ण शब्दावर एकच रेघ ओढण्याची सवय असलेल्या मुलाचा 'भ' सहज 'म' होतो.

(ई) जोडाक्षरे आणि 'र'ची रूपे : मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि साध्या शब्दांत जोडाक्षर निर्माण होते. 'पाणी' सोपे असते, 'पाण्यात' कठीण होते. 'डबा'चे 'डब्यात', 'घोडा'चे 'घोड्यावर' होते. त्यामुळे जोडाक्षरे हा वरच्या इयत्तेचा विषय राहत नाही; पहिलीच्या साध्या वाक्यांतही ती येतात. 'र' हा वर्ण तर 'सूर्य', 'प्रकाश', 'ट्रक' आणि 'दुसऱ्या' अशा चार वेशांत भेटतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद हा केवळ लेखनाचा नसून अर्थाचाही आहे.

(उ) लेखन व उच्चार यांतील अंतर : 'गवत' या शब्दातील 'व' पूर्ण उच्चारला जातो, परंतु 'गवताचा' म्हणताना तोच 'व' अर्धा ऐकू येतो, लेखन मात्र बदलत नाही. 'जन' आणि 'जण' यांतील 'ज'चे उच्चार वेगळे, चिन्ह एकच. 'फूल-फुलाचे', 'दूध-दुधात' अशा शब्दांत ऱ्हस्व-दीर्घ बदलतात, पण कानाला तो बदल क्वचितच जाणवतो. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना अक्षमतेचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल. त्या तर प्रौढ शिक्षित व्यक्तींकडूनही होतात.

५. ओळख : चुकांचे वर्गीकरण

शिक्षकाने निदान करावयाचे नसते. ते मानसशास्त्रज्ञ व वैद्यकीय तज्ज्ञांचे काम आहे. मात्र प्रथम शंका येण्याची जागा वर्ग हीच असते. त्यासाठी मुलाच्या वहीतील चुका मोजण्यापेक्षा त्यांचे वर्गीकरण करणे अधिक उपयोगी ठरते.

पहिला प्रकार बोलीतून येणाऱ्या चुकांचा. विदर्भ किंवा खानदेशातील मूल 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिते अथवा 'शाळा'मधील 'ळ'च्या जागी 'य' लिहिते, तेव्हा ते आपला उच्चार प्रामाणिकपणे कागदावर उतरवीत असते. त्याची ध्वनी व चिन्ह यांची सांगड पक्की आहे, याचाच तो पुरावा असतो. भिली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या घरांतील मुलांबाबत तर मराठी ही शाळेत शिकावयाची दुसरी भाषाच असते. अशा मुलांना अध्ययन अक्षम ठरविणे अन्यायाचे होईल.

दुसरा प्रकार शिकण्याच्या टप्प्यातील चुकांचा. पहिलीतील बहुतेक मुले काही काळ मात्रा विसरतात, वेलांटी उलटी देतात. सराव वाढला की या चुका मावळतात.

तिसरा प्रकार टिकून राहणाऱ्या चुकांचा. एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिणे, अक्षर गाळणे किंवा जागा बदलणे, शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने वाचणे, सुटी अक्षरे ओळखूनही ती जोडून शब्द न होणे, यमक न ओळखता येणे, ओळखीचा मजकूरही प्रत्येक वेळी नव्याने अडखळत वाचणे, ही लक्षणे नियमित अध्यापनानंतरही सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली, तर विशेष साहाय्य व तज्ज्ञांकडे तपासणी आवश्यक ठरते. तत्पूर्वी दृष्टी व श्रवण यांची तपासणी करून घेणे हे प्राथमिक कर्तव्य होय.

तपासणी मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत होणे अगत्याचे आहे. इंग्रजी चाचणीचा तोंडी अनुवाद करून मराठी मुलाची पारख होऊ शकत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' हा चाचणीसंच उपलब्ध करून दिला. त्यात शिक्षकांसाठी प्राथमिक पडताळणीचे साधनही आहे. मराठीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे पाऊल होते.

६. अध्यापनाच्या पद्धती

पुढील पद्धती अक्षम बालकांसाठी आवश्यक आहेत. इतर मुलांनाही त्या उपकारकच ठरतात. त्यामुळे एखाद्या मुलाला वेगळे न काढता त्यांतील बऱ्याच गोष्टी संपूर्ण वर्गात घेता येतात.

६.१ ध्वनींची जाणीव : अक्षर दाखविण्यापूर्वी कान तयार व्हावा लागतो. शब्दातील अक्षरांवर टाळ्या वाजविणे, 'कमळ'मधून 'क' काढल्यास काय उरते असे विचारणे, एकाच ध्वनीने सुरू होणाऱ्या वस्तू गोळा करणे अशा तोंडी खेळांनी ही जाणीव घडते. गाण्यांच्या भेंड्या हा तर शेवटचे अक्षर हेरण्याचा घरगुती खेळच आहे. बडबडगीते व उखाणे यांतील यमकांचाही असा उपयोग होतो. अक्षरापाशी न थांबता पुढे 'का' आणि 'की' यांत काय समान व काय वेगळे, येथपर्यंत मुलाला नेले पाहिजे. कारण स्वरचिन्हांचे आकलन यावरच उभे राहते.

६.२ अक्षरांचा क्रम : वर्णमाला हा उच्चारशास्त्राचा सुंदर क्रम आहे, पण शिकविण्याचा क्रम म्हणून तो सोयीचा नाही. 'क, ख, ग, घ, ङ' शिकून एकही उपयुक्त शब्द सहजी तयार होत नाही. त्याऐवजी 'क, म, ल, र' आणि काना एवढेच शिकविले, तर 'काका, मामा, काम, मका, माल, कमाल, राम' असे अनेक शब्द पहिल्याच आठवड्यांत वाचता येतात. थोडी अक्षरे व लगेच अर्थपूर्ण शब्द ही दिशा मराठीत नवी नाही. फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाच्या अध्यापनावर दीर्घकाळ काम केले आणि अक्षरगट व अर्थ यांची सांगड घालणारी मांडणी पुढे आणली. अक्षम बालकांसाठी त्यात एक पथ्य अधिक पाळावे लागते : घ आणि ध, भ आणि म अशी सारखी दिसणारी अक्षरे एकत्र शिकवू नयेत. एक पूर्ण पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरे घ्यावे आणि शिरोरेषा अक्षर लिहून झाल्यावर, खंड सांभाळून द्यावी.

६.३ बाराखडीची मांडणी : 'क, का, कि, की...' असे आडवे पाठांतर मुलाच्या तोंडी बसते, पण मध्येच 'कु' दाखविल्यास त्याला आरंभापासून म्हणत यावे लागते. पाठांतर झाले, वाचन झाले नाही. म्हणून बाराखडी उभी शिकवावी. प्रथम फक्त काना घेऊन 'का, मा, ला, रा', नंतर फक्त दुसरी वेलांटी घेऊन 'की, मी, ली, री' असे केल्यास चिन्हाचे कार्य मुलाच्या लक्षात येते. ३४ व्यंजने व ११ चिन्हे समजली की ४०८ आकृती पाठ करण्याचे ओझे राहत नाही.

६.४ अनेक इंद्रियांचा उपयोग : ताटात पसरलेल्या रव्यावर वा वाळूवर बोटाने अक्षर काढणे, खरखरीत कागदाचे अक्षर गिरवणे, हवेत मोठे अक्षर रेखाटणे आणि हे करताना त्याचा उच्चार मोठ्याने करणे, ही फर्नाल्ड व गिलिंगहॅम यांच्या पद्धतींची सहज उपलब्ध साधने होत. पाटी हे या दृष्टीने उत्तम साधन आहे. चूक पुसता येते आणि मागे खूण राहत नाही. पहिल्या वेलांटीसाठी 'ऐकताना क आधी, लिहिताना वेलांटी आधी' असे बोलत बोलत लिहिण्याचा सराव विशेष उपयोगी पडतो.

६.५ जोडाक्षरे : जोडाक्षरे एकेक करून पाठ करावयाची नसतात, ती गटाने शिकवावीत. उभी रेघ गळणारी (त्य, स्त, म्ह), आकडा आखडणारी (क्त, फ्त), पाय मोडून लिहिता येणारी (ट्‌ट, द्‌ध) आणि शेवटी 'र'ची चार रूपे असा क्रम ठेवता येतो. वाचताना शब्द ऐकू येईल तसा तोडावा : 'पुस्-तक', 'रस्-ता'. 'पाणी-पाण्यात', 'डबा-डब्यात' अशा शब्दजोड्या तोंडी वापरून मग लिहून दाखविल्यास जोडाक्षर कोठून आले, हे मुलाला कळते.

६.६ वेग आणि अर्थ : अक्षरे ओळखता येऊनही वाचन मंद राहिले, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरला जातो. यावर एकच लहान उतारा तीन-चार वेळा वाचणे व चांगल्या वाचकासोबत एकत्र वाचणे हे प्रभावी उपाय आहेत. उतारा मुलाच्या वाचनपातळीचा असावा, इयत्तेच्या पातळीचा नव्हे. त्याच वेळी शिक्षकांनी व पालकांनी त्याला त्याच्या वयाची पुस्तके वाचून दाखवावीत. अन्यथा वाचता येत नाही म्हणून शब्दसंपत्ती वाढत नाही, आणि शब्दसंपत्ती नाही म्हणून पुढचे वाचन कळत नाही, असे दुष्टचक्र सुरू होते.

६.७ लेखन : फळ्यावरील मजकूर उतरविणे हे लेखनाचे शिक्षण नव्हे. डिसग्राफिया असलेल्या मुलाला त्यासाठी तयार टिपणे द्यावीत आणि वाचलेला वेळ स्वतःच्या दोन वाक्यांसाठी वापरू द्यावा. तपासताना सर्व चुकांवर लाल खुणा न करता एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष वेधावे. आशय व शुद्धलेखन यांचे मूल्यमापन स्वतंत्र असावे.

७. गणितातील अडचणी

मराठी संख्यानामांचा विचार केल्याशिवाय डिसकॅल्क्युलियाचा विचार पूर्ण होत नाही. 'त्रेचाळीस' म्हणताना एकक आधी ऐकू येतो, लिहिताना दशक आधी येतो. त्यामुळे ४३ ऐकून ३४ लिहिणे ही चूक सहज होते. 'एकोणपन्नास'मध्ये 'पन्नास' ऐकू येते, लिहावयाचे मात्र ४९. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा प्रकारे संख्या वाचण्याची रीत मांडण्यात आली, तेव्हा राज्यात मोठा वाद झाला. त्या वादात भाषेच्या परंपरेचा मुद्दा पुष्कळ चर्चिला गेला. संख्यानामे शिकताना मागे पडणाऱ्या मुलाचा मुद्दा तितका चर्चिला गेला नाही. पारंपरिक नावे शिकवावयाचीच आहेत. परंतु ती पक्की होईपर्यंत 'चार दशक तीन' असा पूल देण्यास हरकत नसावी.

काड्यांचे गठ्ठे, मण्यांची माळ, नाणी-नोटा यांच्याद्वारे दशकाची कल्पना हाताला येऊ द्यावी. आकडे एकाखाली एक येण्यासाठी चौकटीची वही वापरावी. पाढे पाठ न होणाऱ्या मुलाला पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून उदाहरण सोडवू द्यावे; कारण तेथे पारख रीतीची आहे, स्मरणाची नव्हे. शाब्दिक उदाहरण वाचून दाखविल्यावर ते सुटत असेल, तर अडचण गणिताची नसून वाचनाची आहे, हे निदानही याच वेळी होते.

८. शाळा, शिक्षक आणि पालक

उपरोक्त पद्धती शहरातील सुसज्ज केंद्रांपुरत्या मर्यादित राहिल्या, तर त्यांचा उपयोग अल्प आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात. अशा द्विशिक्षकी शाळेत अनेक इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. तेथे स्वतंत्र विशेष शिक्षकाची रोजची उपलब्धता अपेक्षिता येत नाही. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक अनेक शाळांना भेटी देतात. त्यांचा अधिक उपयोग मुलाला थोडा वेळ शिकविण्यापेक्षा वर्गशिक्षकाला पद्धत दाखविण्यासाठी व्हावा.

बहुवर्गाची अडचण एका दृष्टीने साहाय्यकही ठरते. जेथे पहिली व तिसरी एकत्र बसतात, तेथे तिसरीतील मुलाने पहिलीच्या गटासोबत ध्वनिखेळ खेळले, तर कोणास वावगे वाटत नाही. दररोज अर्धा तास पुरेसा असतो, मात्र तो खंडित होऊ नये : १० मिनिटे ध्वनी व जुन्या अक्षरांची उजळणी, १० मिनिटे नवा घटक, १० मिनिटे वाचन. आठवड्यातून एकदा दोन तास घेण्यापेक्षा हा क्रम अधिक फलदायी होतो.

वाडा (जि. पालघर) आणि कर्नाटकातील यादगीर या भागांत मराठी व कन्नड साक्षरतेचा तीन वर्षांचा अभ्यास झाला व त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभीचे वाचन केवळ अक्षरओळखीपुरते मर्यादित ठेवल्यास मुले अर्थपूर्ण वाचनापर्यंत पोहोचत नाहीत, याकडे अशा अभ्यासांनी लक्ष वेधले आहे. याचा अध्ययन अक्षमतेच्या चर्चेशी निकटचा संबंध आहे. जेथे सर्वसाधारण अध्यापनच दुबळे असते, तेथे संपूर्ण वर्ग मागे राहतो आणि खरोखर अक्षम असलेले मूल त्या गर्दीत दिसेनासे होते. चांगले सर्वसाधारण अध्यापन ही अक्षम बालकाला ओळखण्याची पहिली अट आहे.

पालकांच्या बाबतीत दोन टोके आढळतात. एकीकडे प्रमाणपत्र म्हणजे कलंक असे मानून ते टाळले जाते, तर दुसरीकडे ते केवळ गुणांसाठी मिळविले जाते. दोन्ही ठिकाणी मूल शिकते की नाही, हा प्रश्न बाजूला पडतो. मुलाची इतर भावंडांशी तुलना न करणे, शिकवणीचे तास वाढविण्याऐवजी घरी वाचून दाखविणे आणि मुलाला जमणाऱ्या गोष्टीस, मग ते चित्र असो, खेळ असो वा शेतातील काम, मान देणे ही पालकांची भूमिका असावी. दीर्घकाळ अपयश पाहिलेल्या मुलाला यशाचा अनुभव हे सर्वांत मोठे औषध असते.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) परीक्षेतील सवलती हा अक्षम विद्यार्थ्याचा हक्क आहे, परंतु त्या अध्यापनाची जागा घेऊ शकत नाहीत. २०१६ च्या अधिनियमाने लवकर ओळख व अध्यापनशास्त्रीय उपाय यांना दिलेले स्थान व्यवहारात उतरणे आवश्यक आहे.

२) साहाय्य सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली-दुसरीतच पद्धतशीर साहाय्य सुरू झाले, तर त्यातूनच कोणास सखोल तपासणीची गरज आहे, हे स्पष्ट होते.

३) इंग्रजीसाठी घडलेल्या पद्धती मराठीत जशाच्या तशा लागू पडत नाहीत. स्वरचिन्हांची जागा, जोडाक्षरे, 'र'ची रूपे, सामान्यरूप आणि संख्यानामे यांचा विचार करूनच मराठीचे उपचारात्मक अध्यापन उभारावे लागेल.

४) बोलीतून येणाऱ्या चुका आणि अक्षमतेतून येणाऱ्या चुका यांत भेद करण्याचे शिक्षण प्रत्येक शिक्षकाला प्रशिक्षण काळातच मिळावयास हवे.

अध्ययन पदविका व पदवी अभ्यासक्रमांतील भावी शिक्षकांना समावेशक शिक्षणाच्या व्याख्या शिकविल्या जातात. त्यांच्या हाती एका मुलाची वही देऊन तिच्यातील चुका वाचावयास शिकविणे तितकेच गरजेचे आहे. 'ढ' ठरविले गेलेले मूल ज्या दिवशी एक लहान गोष्ट स्वतः वाचून तिच्यातील अर्थ सांगते, त्या दिवशी त्याच्यावरील शेरा पुसला जातो. तो पुसण्याचे सामर्थ्य सर्वप्रथम वर्गातील शिक्षकाच्या हाती असते.